पाण्यानं पेटलेला डोंगर

ज्वालामुखी कशानं पेटतो? उष्णतेनं, असं उत्तर पटकन तोंडावर येईल, आणि ते चूक नाही. पण कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावर विचाराल, तर उत्तर आहे: पाण्यानं. चक्क समुद्राच्या पाण्यानं! आग विझवायला पाणी लागतं हे लहानपणापासून शिकलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. पण या बेटाची गंमत अशी, की हा उफराटा वाटणारा प्रकार तिथे एका दिवसात डोळ्यांनी, नाकानं आणि अंगाच्या कातडीनं तपासून पाहता येतो.

सकाळी बोटीनं निघायचं, ज्वालामुखी बघायचा, गरम चिखलात अंघोळ करायची, जेवायचं आणि दुपारी स्नॉर्कल लावून प्रवाळांवर तरंगायचं, अशी एक दिवसाची सहल तिथले गाईड बारा महिने घडवतात. बहुतेक पाहुणे याला तीन वेगवेगळ्या गमती समजतात. माझ्या मते ती एकच गोष्ट आहे, आणि तिचा नायक पाणी आहे.

बेट तसं चिमुकलं. क्षेत्रफळ सुमारे ६१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढं, आणि वस्ती दोन लाखांच्या आत. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना ते ठाऊक असेलच: बेटाच्या उत्तर टोकाच्या डॅरेन सॅमी मैदानावर २४ जून २०२४ रोजी बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्मानं ऑस्ट्रेलियाला ४१ चेंडूंत ९२ धावा कुटल्या होत्या. एवढ्याशा बेटानं दोन नोबेल मानकरी दिले आहेत, अर्थशास्त्रात आर्थर लुईस आणि साहित्यात डेरेक वॉलकॉट. दोघांचा जन्मदिवसही एकच, २३ जानेवारी! पण आपल्याला जायचंय दक्षिणेला, सुफ्रिएर गावाकडे.

राजधानी कास्त्रीहून बोट पश्चिम किनाऱ्यानं खाली येते. हिरव्या टेकड्या, कोळ्यांच्या रंगीत होड्या, एखादं खाडीतलं गाव. आणि मग एका वळणावर समुद्रातून वर घुसलेली दोन सुळक्यांची जोडी समोर येते. हे पितों. ग्रो पितों ७७१ मीटर, पेती पितों ७४३ मीटर. आकडा ऐकून म्हणाल, यात काय, आपलं कळसूबाई याच्या दुप्पट उंच आहे. खरंय. पण कळसूबाईच्या पायथ्याशी आपण पोचतो तेव्हाच समुद्रसपाटीपासून बरेच वर चढलेले असतो. इथे डोंगर सुरू होतो तोच लाटेतून, आणि लाटेपाशी थांबतही नाही. तीच भिंत पाण्याखाली तशीच खोल उतरत जाते. सेंट लुसियाच्या राष्ट्रध्वजावरचे त्रिकोण या सुळक्यांचेच. २००४ मध्ये युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारसा ठरवला.

हे सुळके इतके उभे का? सह्याद्री तर लाव्हाचाच, मग तो असा थरांचा, सपाट माथ्यांचा आणि हे असे टोकदार का?

इथून आपल्या गोष्टीला खरी सुरुवात होते. अटलांटिक महासागराचा तळ दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर या वेगानं पश्चिमेकडे सरकतो आणि कॅरिबियन भूपट्टाच्या खाली बुडत जातो. बुडताना तो कोरडा जात नाही. कोट्यवधी वर्षं समुद्राखाली राहून त्याच्या दगडांत पाणी मुरलेलं असतं. मुरलेलं म्हणजे फटींत साठलेलं एवढंच नव्हे. ते खनिजाच्या स्फटिकातच बांधलं गेलेलं असतं. सर्पेंटाइन नावाचं एक हिरवट खनिज आहे, त्याच्या वजनाचे सुमारे १३ टक्के पाणीच असतं! हातात घ्या, कोरडा ठणठणीत दगड. पिळून थेंब निघणार नाही. पण पाणी आत आहे.

हा ओला तळ तिरका उतरत शंभरेक किलोमीटर खोल जातो. दोन सेंटिमीटरच्या चालीनं या प्रवासाला एक कोटीच्या आसपास वर्षं लागतात. खाली दाब आणि उष्णता इतकी वाढते, की स्फटिकांची मूठ सुटते आणि कोंडलेलं पाणी मोकळं होऊन वर चढतं. वर काय असतं? हजार अंशांपेक्षा जास्त तापलेला प्रावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा, दगड. इतका तापूनही तो घट्टच असतो, कारण भोवतीचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. त्यात पाणी शिरलं की दगडातल्या अणूंचे बंध सैल पडतात आणि त्याचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली येतो. तापमान एका अंशानंही न वाढता दगड वितळू लागतो.

पुन्हा एकदा वाचा हे. उष्णता होती तेवढीच आहे. फरक पडला तो पाण्यामुळे.

सबा बेटापासून ग्रेनाडापर्यंत ज्वालामुखी बेटांची जी कमान नकाशावर दिसते, ती नेमकी या बुडत्या तळाच्या डोक्यावर उभी आहे. समुद्राखाली कुठे काय वितळतंय याचा आराखडाच जणू पाण्यावर काढून ठेवलाय.

आता सुळक्यांकडे. आपल्या दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वर आला, तो खोलवरच्या अतितप्त दगडामुळे. त्यात सिलिका कमी, वजनाच्या साधारण निम्मी. असा लाव्हा पातळ असतो; भेगांतून बाहेर पडून दूरवर पसरतो, थरावर थर बसतात. पितोंचा लाव्हा वर येता येता वाटेत रेंगाळला, निवत गेला, काही खनिजं मागे टाकत आला आणि त्याच्यातलं सिलिकाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे गेलं. सिलिका वाढली की लाव्हा घट्ट होतो, इतका की वाहायलाच तयार नसतो. तो तोंडाशीच साचला, खालून रेटा येत राहिला, आणि जिथल्या तिथे वर चढत गेला. पेती पितों सुमारे १ लाख ९ हजार वर्षांचा, ग्रो पितों सुमारे ७१ हजार वर्षांचा. भूगर्भाच्या पंचांगात ही कालची पोरं! बाकी मऊ भाग पावसानं धुऊन नेला, टणक गाभे उरले.

घट्ट लाव्हाचं दुसरं रूप मात्र भयंकर. आत विरघळलेलं पाणी वर येताना वाफ होऊ पाहतं आणि घट्ट लाव्हा तिला वाट देत नाही. मग स्फोट. सेंट लुसियाच्या उत्तरेला लागूनच मार्टिनिक बेट आहे. ८ मे १९०२ रोजी तिथला माँ पेले फुटला आणि तापलेल्या राखेच्या लोटानं सेंट पिएर शहर काही मिनिटांत संपवलं. सुमारे २८ हजार माणसं गेली. दक्षिणेच्या सेंट व्हिन्सेंटवरचा ज्वालामुखी एप्रिल २०२१ मध्ये फुटला, तेव्हा हजारो लोकांना घरं सोडावी लागली. या साखळीतले बरेच डोंगर कधी काय करतील याकडे वेस्ट इंडीज विद्यापीठाचं त्रिनिदादमधलं भूकंप संशोधन केंद्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतं. सहलीच्या मजेत हे विसरू नये.

सुफ्रिएर गावातून गाडी चढू लागते आणि पाच-दहा मिनिटांत वास येतो. सडक्या अंड्यांचा. ‘जगातला एकमेव ड्राइव्ह-इन ज्वालामुखी’ असं या सल्फर स्प्रिंग्जचं वर्णन तिथे सगळीकडे ऐकू येतं. ‘एकमेव’ या शब्दासाठी मी भांडणार नाही, पण गाडी खरोखरच ज्वालामुखीच्या आत जाते. आपण चित्रात बघतो तसा शंकू मात्र शोधू नका. तो नाही. इथे कधीकाळी मोठा ज्वालामुखी होता, त्याचा बराच भाग ढासळून पश्चिमेला समुद्रात गेला. तो कसा आणि कितीदा ढासळला यावर भूवैज्ञानिकांचा अजून वाद आहे, पण ढिगारे समुद्रतळावर सापडलेत. उरली ती काही किलोमीटर रुंदीची खोलगट जागा, क्वालिबू. हिच्यात गाव आहे, शाळा आहेत, शेतं आहेत, माणसं रोज सकाळी उठून कामाला जातात. मोठा उद्रेक होऊन सुमारे २० हजार वर्षं झाली. १७६६ मध्ये मात्र वाफेचा एक स्फोट झाला आणि आसपास राखेचा पातळ थर पसरला. खालची धग आजही आहे.

वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या एक अब्ज रेणूंत या वायूचे मोजके रेणू असले तरी आपलं नाक तो पकडतं. कसलं अचाट यंत्र! आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट: काही मिनिटांनी वास येईनासा होतो. वायू तिथेच असतो, नाक थकलेलं असतं. म्हणूनच गाईड इथे फार वेळ रेंगाळू देत नाहीत, आणि दमा असलेल्यांनी लांबच राहावं हे उत्तम.

गाईड आणखी एक सूचना देतो: चांदी काढून ठेवा. आपल्या बायकांनी तर ही सूचना मनावर घ्यावीच. जोडवी, पैंजण पायात तशीच राहिली तर काळी ठिक्कर पडतात. चांदीला गंधक भेटलं की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं आणि ते काळं असतं. हे लक्षात ठेवा, कारण समोरच्या कुंडांत हीच जादू लोखंडावर चाललेली आहे.

कठड्याशी उभं राहून खाली बघा. पिवळट, पांढरट, गंजल्या रंगाची उघडी जमीन, झाड म्हणून नाही. वाफेचे लोट. आणि मधे करड्या-काळ्या चिखलाची डबकी, चुलीवर रटरटणाऱ्या पिठल्यासारखी. एक बुडबुडा फुगतो, ताणतो, फुटतो, शिंतोडे उडतात, की लगेच शेजारी दुसरा. पूर्वी पाहुण्यांना अगदी कडेपर्यंत जाता यायचं. १९९० च्या दशकात एका गाईडच्याच पायाखालची पापुद्र्यासारखी जमीन खचली आणि तो कमरेइतका आत गेला. भाजला, पण वाचला. तेव्हापासून माणसं कठड्यामागे.

हा चिखल आला कुठून? तो कुठून आलेलाच नाही! डोंगराचाच चिखल झालाय. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, खालच्या तापलेल्या दगडापर्यंत पोचतं आणि वाफ होऊन परततं. येताना ज्वालामुखीचे वायू सोबत घेतं. हायड्रोजन सल्फाइड वर हवेतल्या ऑक्सिजनला भेटला की त्याचं शेवटी गंधकाम्ल होतं. हे आम्ल कठीण लाव्हाचा दगड खात सुटतं. दगडातल्या फेल्डस्पार खनिजाची पांढरी मऊ चिकणमाती होते. सुटलेलं लोखंड गंधकाशी जुळून काळं आयर्न सल्फाइड बनतं. पांढऱ्यात काळं मिसळलं, झाला करडा चिखल. ज्या जातीच्या दगडाचे सुळके लाख वर्षं ताठ उभे आहेत, त्याच जातीचा दगड इथे बोटांत लोणी होतो.

बुडबुड्यांत काय आहे? मुख्यतः वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. या कार्बनचा बराच वाटा बुडालेल्या समुद्रतळावरच्या चुन्याच्या गाळाचा. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी अटलांटिकमध्ये जगलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा! ती कवचं तळाबरोबर पाताळात गेली, तिथे भाजली आणि आता तुमच्यासमोर फुटताहेत. हा कार्बन विसरू नका, दुपारी तो पुन्हा भेटणार आहे.

उकळत्या कुंडांतलं पाणी ओढ्यानं खाली येतं, वाटेत निवतं, आणि पुढे बांधलेल्या हौदांत साधारण चाळीस अंशांच्या आसपास असतं. हे अंघोळीचं ठिकाण. आधी हौदात बसून अंग शेकायचं. मग बादलीतला चिखल अंगभर फासायचा, आधी करडा, आणि त्यावर काळ्या चिखलाची बोटं ओढून नक्षी. मग उन्हात उभं राहायचं. पाणी उडतं तशी माती आकसते, कातडी ताणल्यासारखी वाटते, गालावर बारीक भेगा पडतात. पुन्हा हौदात उतरायचं आणि धुऊन टाकायचं. पोहण्याचे कपडे गडद रंगाचे घाला. फिकट कपड्यांना पडलेले डाग जात नाहीत. दहा वर्षांनी तरुण व्हाल असं तिथे हमखास सांगतात. वय काही कमी होत नाही, पण चिकणमाती कातडीवरचं तेल शोषते हे खरं, आणि गंधकाचं मलम खरुज-मुरुमांवर जुन्या काळापासून वापरतात हेही खरं. शिवाय ऊब आहे. तेवढं पुरेसं आहे.

या पाण्याचं आकर्षण जुनं आहे. बेट फ्रेंचांकडे असताना १७८४ मध्ये गव्हर्नर बॅरन द लाबोरी यांनी इथल्या झऱ्यांचे नमुने थेट पॅरिसला तपासायला धाडले. फ्रान्समधल्या एक्स-ले-बँ या प्रसिद्ध ठिकाणच्या पाण्यासारखंच हे पाणी निघालं, आणि सोळाव्या लुईच्या सैनिकांसाठी स्नानगृहं बांधली गेली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती काही वर्षांतच मोडली. डायमंड बागेत त्यांचे अवशेष आणि नंतर दुरुस्त केलेली टाकी आजही पाहायला मिळतात.

वज्रेश्वरीला किंवा उन्हवऱ्याला गेलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण फरक मोठा आहे. कोकणातल्या झऱ्यांखाली वितळलेला दगड नाही. तिथे पावसाचं पाणी भेगांतून पुष्कळ खोल जातं आणि पृथ्वीच्या अंगच्या उष्णतेनं तापून परत येतं. सुफ्रिएरला मात्र खाली अजून न विझलेला ज्वालामुखी आहे.

दुपारी बोट आन्स शास्टाने नावाच्या किंवा पितोंच्या मधल्या किनाऱ्याला लागते. किनाऱ्याची मूळ वाळू काळपट आहे, लाव्हाचा भुगा. मास्क लावा, पाण्यात तोंड घाला आणि पहिल्यांदा बघू नका, ऐका. सगळीकडून चटचट असा तडतडाट येतोय. कोण वाजवतंय?

बोटाएवढ्याही नसलेल्या कोळंब्या, प्रवाळांच्या आणि स्पंजांच्या भोकांत लपलेल्या. एक नांगी मोठी, ती इतक्या वेगानं मिटते की ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या वेगानं पाण्याची चिळकांडी उडते आणि तिच्यामागे एक पोकळ बुडबुडा तयार होतो. तो कोसळतो, तोच हा चट आवाज. भक्ष्य त्या धक्क्यानं बधिर होतं. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की बुडबुडा कोसळताना क्षणाच्याही अत्यल्प भागापुरता प्रकाश चमकतो आणि आतलं तापमान ४,७०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं! पितोंचा लाव्हा बाहेर आला तेव्हा फार तर हजार अंश असेल. दिवसभर ज्वालामुखी पाहून आलात, आणि दिवसातली सर्वांत प्रखर उष्णता तुमच्या पोटाखाली, एका कोळंबीच्या नांगीत आहे.

आता डोळे उघडा. मेंदूच्या वळ्यांसारखे प्रवाळ, पाण्याबरोबर झुलणारे जांभळे पंखे, पिंपाएवढे स्पंज. उतारावरचा लाव्हा टणक, म्हणून प्रवाळांना पाय रोवायला जागा मिळाली. प्रवाळ हे प्राणी, पण त्यांच्या कातडीच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न शिजवून यजमानाला देतं. त्या बळावर प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बन जुळवून चुन्याचं घर बांधतात. कोणता कार्बन? हवेतून समुद्रात विरघळलेला, ज्यात डोंगरानं युगानुयुगं श्वासावाटे सोडलेलाही आहे. पाताळात गेलेली कवचं बुडबुडा होऊन बाहेर आली आणि समुद्रात पुन्हा कवच बनली.

कुरकुर असा वेगळा आवाज आला तर तो पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो दगडावरचं शैवाल खरवडतो, चुन्यासकट गिळतो, घशातल्या दुसऱ्या दातांनी दळतो आणि बारीक वाळू मागे सोडतो. थांबा जरा, ती ढगासारखी पडताना दिसेल. कॅरिबियनच्या पांढऱ्या वाळूत या माशांचा वाटा मोठा आहे. त्याहून मोलाचं म्हणजे ते प्रवाळ स्वच्छ ठेवतात. १९८३ मध्ये आलेल्या रोगात या समुद्रातले लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन जवळजवळ नष्ट झाले, तेव्हापासून शैवाल खाण्याचा भार पोपटमाशांवर आहे. तो मासा पकडून संपवला, तर शैवाल प्रवाळांना गिळून टाकतं.

प्रवाळांवर संकटं कमी नाहीत. २०१० च्या टोमास चक्रीवादळात सुफ्रिएरच्या डोंगरउतारावरून दरडी कोसळल्या आणि गाळ समुद्रात आला. २०२० मध्ये प्रवाळांची ऊती झडवणारा रोग बेटापर्यंत पोचला. पाणी तापतंय ते वेगळंच. तरीही इथे एक गोष्ट माणसांनी फार चांगली केली. मच्छीमार, पाणबुडे आणि नौकावाले यांच्यातली भांडणं विकोपाला गेल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून, बरीच वर्षं चर्चा करून, १९९५ मध्ये सुफ्रिएरच्या सुमारे ११ किलोमीटर किनाऱ्याची वाटणी केली गेली: इथे मासेमारी, इथे नांगर, आणि इथे कुणीही जाळं टाकायचं नाही. मासेमारीच्या जागेपैकी साधारण एक-तृतीयांश बंद झाली. मच्छीमारांचं नुकसान व्हायला हवं होतं ना? पाच वर्षांत उलट घडलं. बंद पट्ट्यांत मासे वाढले, बाहेर सांडू लागले, आणि शेजारच्या भागात मच्छीमारांच्या हाती लागणारी मासळी साधनानुसार ४६ ते ९० टक्क्यांनी वाढली. २००१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले.

म्हणून तिथे कधी गेलात तर एवढं करा. संरक्षित पट्टा कुठून कुठे आहे हे गाईडला विचारून घ्या, त्याची फी कुरकुर न करता भरा, आणि दम लागला तर प्रवाळावर उभे राहू नका. पाठीवर वळा आणि तरंगत राहा. पायाखालचा जो दगड वाटतो तो जिवंत आहे, आणि असे पुष्कळसे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात.